नाव ठेवणं आणि नावं ठेवणं



मराठीत एका अनुस्वाराने किती फरक पडतो ते पाहा. बाळाचं नाव ठेवलं की बारसं होतं, घुगऱ्या वाटल्या जातात. त्याच बाळाला नावं ठेवली की भांडण होतं. पहिल्यात आपण माणसाला आपल्यात घेतो, दुसऱ्यात त्याला बाहेर काढतो. शाळेच्या मैदानावर ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात आणि आपलं लक्ष बहुतेक वेळा फक्त गोल किती झाले याकडे असतं.

मुलांचे दोन संघ पाडा आणि दहा मिनिटं थांबा. एका संघाला नाव पडलेलं असतं, दुसऱ्यालाही पडलेलं असतं, आणि गोलकीपरला तर दोन पडलेली असतात. यावर आपली उत्तरं साधारण दोनच. एक, "पोरं आहेत, चालायचंच." दुसरं, "खबरदार, कोणी कोणाला नाव ठेवलं तर!" माझ्या मते ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. पहिल्यात सगळंच खपून जातं. दुसऱ्यात गमतीचं नाव आणि जिव्हारी लागणारं नाव एकाच काठीने हाकललं जातं. मुलांना मग वाटतं, सरांना खेळातलं काही कळत नाही. आणि ती सर नसताना बोलायला लागतात.

चिडवण्याची नावं पडणारच. ती खेळाचाच भाग आहेत. आपलं काम आहे त्यातलं कोणतं नाव चालेल आणि कोणतं चालणार नाही, हे ओळखायला मुलांना शिकवणं. त्यासाठी फुटबॉलच्या चाहत्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो. तिथे हीच गोष्ट हजारो लोकांच्या तोंडून, मोठ्या आवाजात घडलेली आहे.

फुटबॉल आपल्या भागाला फार परकाही राहिलेला नाही. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याचे काही सामने नवी मुंबईत झाले. त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रम झाला आणि शाळांना फुटबॉल वाटले गेले. त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तर सुरुवात कोल्हापूरपासूनच करू.

तालमीतून आलेला फुटबॉल

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम. कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉलचा संघ एकाच नावाखाली. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हे संघ आहेतच. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे सामने असले की पेठच्या पेठ उठून मैदानावर जाते. घरचा मुलगा खेळत नसला तरी संघ घरचाच असतो.

आता या नावांकडे जरा शिक्षकाच्या नजरेने पाहा. 'पाटाकडील' म्हणजे पाटाच्या बाजूचे. ही खूण ठिकाणाची आहे. 'खंडोबा' आणि 'ऋणमुक्तेश्वर' ही नावं देवाची. 'फुलेवाडी' वस्तीचं नाव. 'दिलबहार' तर नुसतं मजेचं नाव. यातल्या कुठल्याही नावाने हाक मारली तर कोणाची मान खाली जात नाही. उलट, "आम्ही पाटाकडील" म्हणताना छाती फुगते. विरुद्ध संघाने त्याच नावाची टिंगल केली तरी ती टिंगल मैदानापुरती राहते.

म्हणजे कोल्हापुरात सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. चाहत्यांची हुल्लडबाजी, हाणामाऱ्या, पोलीस बंदोबस्त, त्यामुळे थांबलेले सामने हेही तिथल्या फुटबॉलप्रेमींनी पाहिलेलं आहे. नाव चांगलं असलं म्हणजे वागणूक आपोआप चांगली होते, असा माझा दावा नाही. पण भांडण झालं तरी ते खेळावरून होतं, जन्मावरून नाही. दुसऱ्या वर्षी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर येऊ शकतात, ते यामुळेच.

हिलसा आणि कोळंबी

आपल्या देशात फुटबॉलचं सगळ्यात मोठं वैर कोलकात्यात आहे. मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. १९११ मध्ये या क्लबने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली, ही गोष्ट आपण मुलांना स्वातंत्र्यलढ्याच्या पाठाबरोबर सांगू शकतो. (संघातला एक खेळाडू तेवढा बूट घालून खेळला होता, हेही सांगावं, मुलांना असे तपशील आवडतात.)

दुसरा क्लब ईस्ट बंगाल, स्थापना १ ऑगस्ट १९२०. त्याच्या जन्माची गोष्टच नाव ठेवण्याच्या जवळची आहे. जोडाबागान नावाच्या क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर ठेवलं. तो पूर्व बंगालचा, म्हणून त्याला डावललं अशी भावना झाली. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी क्लब सोडला आणि पूर्व बंगालकडच्या लोकांचा वेगळा क्लब उभा राहिला.

कोलकात्यातले जुने लोक पूर्वेकडून आलेल्यांना 'बांगाल' म्हणत. शब्दाचा अर्थ नुसता पूर्वेकडचा, पण म्हणायची तऱ्हा अशी की गावंढळ, अडाणी असं ऐकू यावं. पूर्वेकडच्यांनी मग पश्चिमेकडच्यांना 'घोटी' म्हणायला सुरुवात केली. घोटी म्हणजे पाण्याचा तांब्या. फाळणीनंतर पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले. ज्यांचं घर, शेत, गाव सगळं गेलं होतं, त्यांच्याकडे आपलं म्हणण्यासारखा एक क्लब होता. 'बांगाल' हा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. तो अंगावर शालीसारखा घेतला.

पुढे या वैराला जेवणाची चव आली. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा मासा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. सामना संपला की जिंकलेल्या घरात काय शिजणार हे आधीच ठरलेलं, आणि हरलेल्यांना चिडवायलाही तोच मासा. आपल्याकडे मोसंबीवरून नाहीतर हुरड्यावरून चिडवल्यासारखं. यात कोणाचं काय बिघडलं? उलट दोन नावं एकमेकांना पुरून उरली. 'बांगाल' म्हणणाऱ्याला 'घोटी' म्हणता येतं, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. चिडवणं दोन्ही बाजूंनी जाऊ शकतं.

पण मुलांना या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल आणि चेंगराचेंगरी झाली आणि १६ जणांचा जीव गेला. ती माणसं खेळ पाहायला आलेली होती. त्यानंतर ४४ वर्षांनी, १८ ऑगस्ट २०२४ रोजी, या दोघांचा ड्युरंड कपमधला सामना सुरक्षेच्या कारणाने रद्द झाला. कोलकात्यातल्या एका तरुण महिला डॉक्टरवर रुग्णालयातच अत्याचार होऊन तिचा खून झाला होता आणि शहर रस्त्यावर उतरलं होतं. त्या दिवशी सामना नसतानाही दोन्ही क्लबांचे चाहते आपापल्या रंगाचे कपडे घालून स्टेडियमबाहेर जमले आणि न्याय मागण्यासाठी एका आवाजात ओरडले. घोटी आणि बांगाल खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

दोन्ही तारखा एकाच वैराच्या आहेत. मुलांना दोन्ही कळल्या पाहिजेत.

मेस्सीच्या गावची गोष्ट

विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझील असे तट पडतात. चौकाचौकात मेस्सी आणि नेमारचे उंच कटआउट उभे राहतात. आपल्या वर्गातल्या मुलांनाही मेस्सी माहीत असतो. म्हणून आता त्याच्या गावाला जाऊ.

अर्जेंटिनात रोझारियो नावाचं शहर आहे. तिथे दोन क्लब. एक न्यूवेल्स ओल्ड बॉईज, दुसरा रोझारियो सेंट्रल. न्यूवेल्सच्या चाहत्यांना म्हणतात 'लेप्रोसो', म्हणजे कुष्ठरोगी. सेंट्रलच्या चाहत्यांना म्हणतात 'कनाया', म्हणजे हलकट. ऐकायला भयंकर. पण कथा अशी सांगतात की कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला मदत म्हणून एक सामना ठरत होता. न्यूवेल्स खेळायला तयार झाला, सेंट्रलने नकार दिला. मग सेंट्रलवाल्यांनी न्यूवेल्सवाल्यांना "तुम्हीच कुष्ठरोगी" म्हणून हिणवलं, आणि न्यूवेल्सवाल्यांनी उलट म्हटलं, "गरिबाच्या मदतीला नाही म्हणणारे तुम्ही हलकट." आज दोन्ही बाजू ही नावं अभिमानाने झेंड्यावर लिहितात.

लिओनेल मेस्सी लहानपणी न्यूवेल्समध्ये शिकला. आंखेल दी मारिया रोझारियो सेंट्रलचा. १८ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे तीन गोल झाले, त्यातले दोन मेस्सीचे आणि एक दी मारियाचा. एका शहरातले, एकमेकांना नावं ठेवत वाढलेल्या दोन बाजूंचे दोघे, एकाच अंगरख्यात.

याच देशात रिव्हर प्लेट नावाच्या मोठ्या क्लबच्या चाहत्यांना 'कोंबड्या' म्हणतात. १९६६ साली दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेचा, कोपा लिबर्तादोरेसचा, निर्णायक सामना होता. उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबविरुद्ध रिव्हर २-० ने पुढे होता आणि ४-२ ने हरला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी चाहत्यांनी रिव्हरसारखा लाल पट्टा लावलेली पांढरी कोंबडी मैदानात सोडली. नाव चिकटलं ते चिकटलंच. हे नाव कशावरून पडलं? एका सामन्यात हातची बाजी घालवली त्यावरून. म्हणजे खेळावरून. दुसऱ्या सामन्यात जिंकून ते खोडता येतं. मला यात काही वावगं वाटत नाही.

शेजारच्या ब्राझीलमधलं उदाहरण मात्र नीट ऐका. रिओ शहरातल्या फ्लामेंगो क्लबचे चाहते बहुसंख्य गरीब आणि काळ्या वर्णाचे. प्रतिस्पर्धी त्यांना 'उरुबू' म्हणत. उरुबू म्हणजे काळं गिधाड. हे खेळावरून पडलेलं नाव नव्हतं, कातडीवरून पडलेलं होतं. १९६९ साली फ्लामेंगोच्या काही चाहत्यांनी एक खरंच गिधाड पकडलं, क्लबचा झेंडा बांधून ते भरलेल्या माराकाना स्टेडियममध्ये सोडलं. त्या दिवशी फ्लामेंगोने बोटाफोगो संघाला हरवलं. तेव्हापासून गिधाड हे फ्लामेंगोचं स्वतःचं चिन्ह झालं. ज्यांना दगड मारला, त्यांनीच तो उचलून आपल्या घराच्या पायात बसवला.

पण त्या रुग्णांना कोणी विचारलं?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग झालं तर! नाव कितीही वाईट असो, अभिमानाने मिरवलं की डंख जातो. मुलांनाही हेच सांगा, कोणी चिडवलं तर हसून घ्या."

इथेच मला थांबायचं आहे. रोझारियोच्या गोष्टीत 'कुष्ठरोगी' हे नाव मिरवणारे चाहते धडधाकट होते. ज्यांना खरोखर तो आजार होता, ते रुग्णालयाच्या आत होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. चाहत्यासाठी ते नाव रविवारपुरतं होतं, सामना संपला की टोपीबरोबर काढून ठेवता येत होतं. रुग्णाला ते काढता येत नव्हतं. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणारा समाज आपणही पाहिला आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ साली आनंदवन उभं केलं ते अशाच बाहेर काढलेल्या माणसांसाठी. त्यांच्यासमोर हा शब्द गमतीने उच्चारता आला असता का?

लंडनच्या टॉटनहॅम क्लबची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांच्या चाहत्यांत ज्यू लोक बरेच, म्हणून विरुद्ध बाजूचे चाहते ज्यूंसाठीचा एक अपमानाचा शब्द वापरून त्यांना हिणवत. काही जण तर हिटलरच्या छळछावण्यांतल्या विषारी वायूचा आवाज काढत. टॉटनहॅमच्या चाहत्यांनी, त्यात ज्यू नसलेलेही हजारो होते, तो शब्द स्वतःचा म्हणून गायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, आपल्या माणसांच्या बाजूने उभं राहण्याचा. पण काळ गेला तसं अनेक ज्यू चाहत्यांना तो शब्द स्टेडियमभर घुमताना ऐकणं नकोसं वाटू लागलं. शेवटी २०२२ मध्ये क्लबनेच आपल्या चाहत्यांना तो शब्द सोडून देण्याचं आवाहन केलं.

माझं म्हणणं या तीन गोष्टींतून तयार झालं आहे. फ्लामेंगोचं गिधाड चाललं, कारण ते नाव ज्यांच्या अंगावर फेकलं होतं त्यांनीच ते उचललं. टॉटनहॅममध्ये शब्द उचलणारे पुष्कळ जण असे होते की ज्यांच्या अंगावर तो कधी पडलाच नव्हता. नाव चालतं की नाही, हे ठरवायचा हक्क ज्याला ते घरीही घेऊन जावं लागतं त्याचा आहे. मैदानावर टाळ्या वाजवणाऱ्यांचा नाही. आणि शिक्षकाचाही नाही.

आपल्या मैदानावर

आता आपल्याकडे या. गावात मुलांचे संघ कसे पडतात? गावठाणातले एकीकडे, वस्तीवरचे दुसरीकडे, तांड्यावरचे तिसरीकडे. ठिकाणावरून संघ पडला तर काही बिघडत नाही, कोल्हापुरातही तसंच होतं. पण आपल्या खेड्यांची रचना अशी की ठिकाणाच्या नावातच कितीदा जात लपलेली असते. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. फलक बदलले तरी पोरांच्या तोंडातलं नाव तेच राहिलं तर काय उपयोग? "अमक्या वाड्याची टीम" असं एक मूल ओरडतं तेव्हा ते ठिकाण सांगतंय की जात दाखवतंय, हे त्या मुलालाही कळत नसेल. ज्याच्याकडे बोट असतं त्याला मात्र लगेच कळतं.

ऊसतोडीला आईबापाबरोबर जाऊन चार-सहा महिन्यांनी परतलेल्या मुलाला नाव पडायला वेळ लागत नाही. पायाने अधू असलेल्या मुलाला, तोतरं बोलणाऱ्या मुलीला, जाड चष्मा लावणाऱ्याला, सावळ्या रंगाच्या मुलीला तर नाव आधीच तयार असतं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला "ए पोऱ्या" म्हणणारे नुसते मुलगेच नसतात, कट्ट्यावर बसलेली मोठी माणसंही असतात. या मुलांना 'घोटी' म्हणायला 'बांगाल' नाही. चिडवणं एकाच बाजूने वाहतं. गोऱ्या मुलाला 'गोऱ्या' म्हणून काळ्या मुलाचा हिशेब पुरा होत नाही.

"थोडं सहन करायला शिकलं पाहिजे, पोरं कणखर होतात," असं पालक म्हणतात. त्यात तथ्य आहे. गोल हुकल्यावर, पेनल्टी बाहेर मारल्यावर चारजण हसले तर मूल दुसऱ्या दिवशी जास्त सराव करतं. ते कणखर होणं. पण जात, शरीर, घरची गरिबी यात सराव करून सुधारायचं काय? अशा नावाने मूल कणखर होत नाही, मैदानावर यायचं बंद होतं. आणि आपण हजेरीपटावर नुसतं 'गैरहजर' लिहितो.

कायद्याचीही आठवण ठेवू या. जातीवरून चारचौघांत अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अपंगत्वावरून चारचौघांत हेतुपुरस्सर हिणवणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गुन्हा आहे. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, आणि त्यात आपण शिक्षकांनी 'लाडाने' ठेवलेली नावंही येऊ शकतात. पण दहा वर्षांच्या मुलाला कलम सांगून नाव सुटत नाही. त्याला गोष्ट लागते.

आणि गोष्ट तर आपल्या गावातच आहे. जांबच्या ठोसरांच्या घरात १६०८ साली जन्मलेल्या मुलाचं बारशाचं नाव नारायण. पुढे तो जगाला रामदास म्हणून माहीत झाला. 'दास' हा शब्द खरं तर खालचा. दुसऱ्याने कोणाला दास म्हटलं तर ती शिवी ठरेल. नारायणाने तो स्वतःहून घेतला, म्हणून त्याची पदवी झाली. 'समर्थ' मात्र लोकांनी म्हटलं, प्रेमाने म्हटलं, आणि ते आज आपल्या गावाच्या नावातही आहे. स्वतः घेतलेलं नाव आणि लोकांनी मानाने दिलेलं नाव, दोन्ही टिकली. जांबच्या शाळेतल्या मुलांना हे सांगायला वेगळा पाठ लागत नाही, गावाच्या पाटीकडे बोट दाखवलं तरी पुरे.

करून पाहण्यासारखं

वर्गात आणि मैदानावर पुढच्या गोष्टी करता येतील. खर्च काही नाही.

१. संघ वस्तीवरून पाडू नका. चिठ्ठ्या टाका आणि प्रत्येक सामन्याला संघ बदला. नावं मुलांनाच ठेवू द्या, पण ती झाडं, नद्या, पिकं, पक्षी यांतली असावीत. 'मोसंबी' विरुद्ध 'कपाशी' असा सामना लावून पाहा. चिडवाचिडवी भरपूर होईल आणि घरी रडत कोणी जाणार नाही.

२. मुलांना घरच्या मोठ्यांकडून नावांच्या गोष्टी गोळा करायला सांगा. शेताला, विहिरीला, माळाला नाव कसं पडलं? काळे, गोरे, एकबोटे, सातपुते, लांडगे, कोल्हे ही आडनावं कशी आली असतील? आजी-आजोबा खूप सांगतात. मात्र ज्या नावाने कोणाला कमीपणा येईल ते वर्गात मोठ्याने वाचायचं नाही, एवढं आधी ठरवा.

३. चिडवण्याचं नाव कानावर आलं की मुलांपुढे तीन प्रश्न ठेवा. हे नाव खेळावरून पडलं की जन्मावरून, शरीरावरून? ज्याला नाव ठेवलं त्याला उलट तसंच नाव ठेवता येतं का? आणि तो मुलगा स्वतःची ओळख करून देताना हे नाव सांगतो का? एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं तर ते नाव मैदानाबाहेर.

४. पालकांनी घरी चौथा प्रश्न विचारावा. "तू ठेवलेल्या नावाने त्याला त्याच्या आईसमोर हाक मारशील का?" मुलं या प्रश्नाला फार प्रामाणिक उत्तर देतात. बहुतेक वेळा ते उत्तर म्हणजे गप्प बसणं असतं.

५. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी फाऊलच्या नियमात एक भर घालावी. नियमाबाहेरचं नाव उच्चारलं की चेंडू विरुद्ध संघाला. ओरडायचं नाही, भाषण द्यायचं नाही. शिट्टी, आणि चेंडू तिकडे. आठवड्याभरात मुलं स्वतःच एकमेकांना थांबवायला लागतात, कारण चेंडू जाणं कोणालाच परवडत नाही.

यातलं काही जमेल, काही जमणार नाही. तुमच्या शाळेचं मैदान वेगळं, मुलं वेगळी. पण उद्याच्या मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहून फक्त हाका ऐका, एवढी विनंती आहे. कोणत्या मुलाला त्याच्या बारशाच्या नावाने कोणीच हाक मारत नाही, ते लक्षात ठेवा. आणि पुढचा संघ निवडताना त्याला तुम्ही त्याच्या त्या नावाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलवा.